हजीरा शाखेचा पहिला मान

गोपाळकृष्ण पोतनिसांनी त्या दिवशी हात वर केला तो प्रश्न विचारायला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे रामायण घडलं त्यानंतर ग्वाल्हेरच्या हजीरा भागात एकही माणूस यावर विश्वास ठेवायला तयार नाही.

कंपू भागातल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर सेवादीप क्लबच्या, शहरातल्या लष्कर पेठेतल्या शाखेची सभा चालली होती. समोसे येऊन गेले होते, म्हणजे सभा संपत आली होती. क्लबचे प्रांतपाल संग्रामसिंह माइक हातात धरून विचारत होते, "हजीरा की तरफ अपनी एक भी शाखा नहीं है. कोई है, जो ये जिम्मा उठाए?" आणि तिसऱ्या रांगेतल्या पोतनिसांचं सगळं लक्ष होतं प्रांतपालांच्या गळ्यातल्या साखळीकडे. त्या साखळीला पुष्कळ बिल्ले लटकत होते. हे बिल्ले दर वर्षाला एक मिळतात की दर शाखेला एक, आणि जेवताना साखळी काढून ठेवायची असते की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी हात वर केला. टाळ्या पडल्या. संग्रामसिंह मंचावरून खाली उतरले आणि त्यांनी पोतनिसांना कडकडून मिठी मारली. बिल्ले छातीत रुतले, पण इतक्या जवळूनही त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचता आलं नाही.

आता अशा वेळी "माफ करा, माझा प्रश्न साखळीबद्दल होता" असं सांगणारी माणसं जगात असतील. पोतनीस त्यांतले नव्हते. विमा कंपनीच्या नोकरीत सगळी हयात गेलेली. लोकांच्या बैठकीत बसून, त्यांचा चहा पिऊन, त्यांना त्यांच्याच मरणाचा विचार करायला लावायचा, आणि तोही हसतमुखाने, हा त्यांचा धंदा. अशा माणसाला भर सभेत मागे सरता येत नाही. शिवाय खरं सांगायचं तर लष्कर शाखेत इतकी वर्षं काढून मंचावर जायचा योग त्यांना एकदाच आला होता, आणि तो माइकची वायर सरळ करायला.

घरी येऊन त्यांनी ही बातमी बायकोला, दुर्गाबाईंना सांगितली. दुर्गाबाई भेंडी चिरत होत्या.

"शाखा म्हणजे नेमकं काय काढायचं?" त्यांनी विचारलं.

"वीस सभासद जमवायचे आणि एक सेवा सुरू करायची. स्थापनेच्या दिवशी वीसच्या वीस हजर पाहिजेत. एकही कमी पडला तर शाखा रद्द."

"आणि सेवा कोणती?"

"ती ठरायची आहे."

"म्हणजे आधी वरात काढायची आणि मग नवरी बघायची," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा भेंडीकडे वळल्या.

शेजारच्या उषाताईंना ही गोष्ट भिंतीपलीकडून आधीच कळली होती. हजीऱ्यात भिंती आहेत त्या फक्त घरपट्टीसाठी. त्या लगेच आल्या आणि सेवा सुचवू लागल्या. गल्लीतली कुत्री पकडावीत. नको, त्यापेक्षा त्यांच्या सुनेला लवकर उठायला शिकवणारं शिबिर घ्यावं. "मी तर म्हणते पोतनीस भाऊजी, तुम्ही आधी लोकांना विचारा की त्यांना काय पाहिजे." हा सल्ला इतका शहाणपणाचा होता की पोतनीस तो खरोखरच अमलात आणायला निघाले, आणि इथेच त्यांचा स्वभाव आड आला. एका घरी काय पाहिजे विचारायला गेले, तर त्यांचं कुतूहल तिथल्या जुन्या घड्याळात अडकलं. दुसऱ्या घरी मालकांनी पोपट पाळला होता, तो मराठीत बोलतो की हिंदीत हे ऐकायला ते दुपारपर्यंत बसले. (तो हिंदीत बोलायचा आणि शिव्या मराठीत द्यायचा.) लोकांना काय पाहिजे ते शेवटी कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की सेवा करायला प्रत्येक जण तयार आहे आणि सेवा करून घ्यायला कोणीच नाही.

सभासद मात्र मिळू लागले. ब्राह्मण आळीतली मंडळी पद मिळणार असेल तर लगेच हो म्हणत. बघता बघता उपाध्यक्ष, सहसचिव, सल्लागार आणि मुख्य सल्लागार इतके झाले की साधा सभासद म्हणावा असा माणूस शोधून सापडेना. पण ती सगळी, पोतनीस धरून, दहाच माणसं होती. उरलेली दहा कुठून आणायची हे पोतनिसांना ठाऊक होतं. स्वतः महिपतराव जगदाळे आणि त्यांच्या शब्दावर चालणारी नऊ माणसं.

महिपतराव म्हणजे पोतनिसांचे जिवलग. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, ताडासारखा उंच, कमी बोलणारा माणूस. किल्ल्याच्या बाजूच्या वस्तीत जुनी मराठा घरं आहेत. कधी काळी ती पलटणीतली होती, आता कोणी शिक्षक आहे, कोणी टायरचं दुकान चालवतो. पण महिपतराव उभे राहिले की ते उभे राहतात आणि महिपतराव बसले की बसतात. रोज सकाळी पोतनीस आणि महिपतराव किला गेटपाशी टपरीवजा गुमटीवर चहा घेत. पोतनीस बोलत, महिपतराव ऐकत, अधूनमधून सारण भरलेली पुरी, म्हणजे बेडई, मागवत. बायको सोडली तर पोतनिसांचे प्रश्न न कंटाळता ऐकणारा जगात हा एकच माणूस होता. आणि खरं तर बायकोही कंटाळायची.

"सुभेदार, कुठलं पद देऊ तुम्हाला?" पोतनिसांनी विचारलं.

"पद नको."

"मग काय पाहिजे?"

"काही नको. तुमचं काम आहे, येतो."

इथे गप्प बसले असते तर ही कथाच झाली नसती. पण विमावाल्याला समोरचा आपणहून हो म्हणाला की उलट संशय येतो, आणि तो त्याला काहीतरी वर घालून द्यायला बघतो. शिवाय पोतनिसांच्या मनात एक जुनी खंत होती. ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी माणसांचं मानपान हे जगाच्या पाठीवर कुठे नसेल इतकं बारीक आहे. पूर्वज दरबारात कोण कुठे बसत, यावर आजही हजीऱ्याच्या गणपतीत आरतीचं ताट आधी कोणाच्या हातात जायचं ते ठरतं. दरबार गेला, ताट राहिलं. पोतनिसांच्या घराला तिसरा मान आहे. महिपतराव वर्षानुवर्षं मांडवाचे बांबू उभे करतात, गर्दी आवरतात, विसर्जनाला मूर्ती खांद्यावर घेतात, आणि आरतीच्या वेळी मागे चपलांजवळ उभे राहतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण एकदा ताट पुढे जाताना त्यांचे हात नकळत उचलले गेले होते आणि पुन्हा खाली आले होते, ते पोतनिसांनी बघितलं होतं.

"ऐका सुभेदार," ते म्हणाले. "आपल्या शाखेची पहिली सेवा जी काही असेल, तिचा पहिला मान तुमचा. बाकी सगळे तुमच्या मागे."

महिपतरावांनी चहाचा पेला खाली ठेवला. "शब्द?"

"शब्द."

महिपतराव त्या दिवशी घरी गेले आणि त्यांनी ही गोष्ट बायकोला, लीलाताईंना सांगितली. लीलाताईंनी वस्तीत सांगितली. टोरंटोला मुलगा असतो अंशुल, त्याला आणि सून सोनिकाला फोन करून सांगितली. पहिला मान कशाचा, हे कोणी विचारलं नाही. मान म्हटलं की आम्ही कशाचा ते विचारत नाही.

मग एक दिवस संग्रामसिंहांचा फोन आला. "पोतनीस जी, सेवा की चिंता छोड़िए. प्रांत की तरफ से आपकी शाखा को गिफ्ट भेज रहा हूँ. ऐसी चीज, जो पूरे हजीरा में किसी के पास नहीं है."

काय ते त्यांनी सांगितलं नाही. पोतनीस दोन रात्री तर्क करत राहिले. रुग्णवाहिका असेल तर हॉर्न कसा असेल, पाणपोई असेल तर तोट्या किती असतील. स्वागताची सगळी तयारी झाली. महिपतराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन, आपली नऊ माणसं मागे उभी करून आले. वहिवाटीने ज्यांना गणपतीत पहिला मान असतो ते करकरेही आले, आणि जरा लांब उभे राहिले. लोडिंग ऑटो गल्लीत शिरला. त्याच्यावर पुठ्ठ्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं.

"सोफा असेल," उषाताई म्हणाल्या.

पुठ्ठा फाडला. आत स्टीलची चकचकीत पेटी, वर काचेचं झाकण, बाजूला वायर आणि एक छोटा दिवा.

"आइस्क्रीमवाल्यांकडे असते तशीच आहे," कोणीतरी म्हणालं.

ऑटोवाला घाम पुसत उतरला. त्याला वाटलं, लोकांना वापर समजावून सांगणं त्याचं काम आहे. "देखिए, बॉडी को ऐसे लिटाना है, सिर इधर. दो-तीन दिन आराम से रहेगी. बच्चे बाहर से आते हैं ना आजकल."

गर्दी दोन पावलं मागे सरकली. मग कुठूनसा हळू आवाज आला, "पहिला मान सुभेदारांचा ना?"

तो आवाज करकऱ्यांचा होता असं दुर्गाबाई आजही शपथेवर सांगतात. त्यांनी महिपतरावांकडे बघितलं. महिपतराव पेटीभोवती एक फेरी मारत होते, सावकाश, पलटणीची पाहणी करावी तशी. पायथ्याशी थांबले. डोक्याच्या बाजूला थांबले. मग त्यांनी नारळ काचेवर ठेवला, वळले आणि चालू लागले. त्यांच्या मागून नऊच्या नऊ माणसं निघाली.

दुसऱ्या दिवशी महिपतराव गुमटीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. गुमटीवाल्याने सवयीने दोन पेले भरले, आणि पोतनिसांनी दोन्ही प्यायले, कारण ओतून देणं जिवावर आलं. इतकी वर्षं आपण बोलतो आणि ते ऐकतात असा त्यांचा समज होता. समोर कोणी नसताना त्यांना एकही प्रश्न सुचेना. शाखा गेली तर गेली, त्याचं दुःख त्यांना फार नव्हतं. पण सुभेदार गेले तर रोज सकाळी जायचं कुठे?

इकडे पेटी कोणी ठेवून घेईना. मुख्य सल्लागारांच्या घरी लग्नाची मुलगी होती. सल्लागारांच्या घरी नुकतीच वास्तुशांत झाली होती. उपाध्यक्ष म्हणाले, आमच्याकडे व्होल्टेज कमी असतं. शेवटी ती अध्यक्षांच्या, म्हणजे पोतनिसांच्याच बैठकीच्या खोलीत आली. दुर्गाबाईंनी तिच्यावर क्रोशाचं आवरण घातलं, वर फुलदाणी ठेवली. तरी आलेला माणूस बसता बसता तिकडे बघायचा आणि अर्धा चहा टाकून उठायचा. विम्याच्या दिवसांत पोतनिसांना लोकांना इतक्या लवकर विचारात पाडता आलं असतं तर ते मॅनेजर होऊन निवृत्त झाले असते.

उषाताईंना तेवढी भीती वाटली नाही. त्यांच्या घरी नातीच्या बारशाचं जेवण होतं, श्रीखंड केलं होतं, आणि हजीऱ्याचा मे महिना कोणाची भीड ठेवत नाही. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, अजून कोरीच आहे ना? कोणी झोपलं तर नाही? मग तीन पातेली ठेवते. कोणाला सांगायचं थोडीच आहे."

"उषाताई, ती सेवेची वस्तू आहे."

"मग श्रीखंड काय चोरीचं आहे?"

पोतनिसांना याचं उत्तर सुचलं नाही, म्हणून दुर्गाबाईंनी दिलं. त्यानंतर दोन दिवस भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही.

उद्घाटनाची पूजा सांगायला अभिराम गुरुजींना बोलावलं. तरुण माणूस, कानात फोनचं बोंड, मराठीत सुरुवात करून हिंदीत बाहेर पडायची सवय. त्यांनी पेटीकडे बघून बराच वेळ डोकं खाजवलं. "काका, वास्तूची पूजा आहे, गाडीची आहे, यंत्राची दसऱ्याला करतो. पण याच्यात संकल्प काय सांगू? भरभराट हो म्हणू, तो भी गड़बड़. वापर न हो म्हणू, तो फिर खरीदा क्यों?" मग ते जरा जवळ सरकून म्हणाले, "आणि काका, सुभेदारांना तुम्ही पहिला मान दिला आहे, असं सगळे बोलून राहिले आहेत. शांत करून घ्या. शांत करायला मी येतो ना."

पोतनीस सरळ महिपतरावांच्या घरी गेले. लीलाताईंनी पाणी दिलं, चहा दिला, लाडू दिला, आणि एक शब्द दिला नाही. "सुभेदार आहेत?" तर म्हणाल्या, "झोपलेत." सकाळचे अकरा वाजले होते. फौजेतला माणूस सकाळी अकराला झोपतो हे पोतनिसांनी पहिल्यांदाच ऐकलं. आत कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाजही आला. त्यांनी दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने सांगितलं, की अध्यक्षपद महिपतरावांनी घ्यावं, मंचावर मधली खुर्ची त्यांची, फीत त्यांनीच कापावी, आणि तो पहिल्या मानाचा शब्द मात्र परत घेऊ द्यावा, चुकून गेला.

संध्याकाळी मोबाइलवर महिपतरावांचा निरोप आला. एकच ओळ. "शब्द बदलू नका."

याचा अर्थ काय? पोतनिसांनी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. रागावलेला माणूस अपशकुनी शब्द परत घ्या म्हणेल. हा म्हणतो बदलू नका. का सूड आहे हा, की रोज मनाला लागत राहावं? दुर्गाबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "अहो, ते इथे येऊन गेले की."

"कोण?"

"सुभेदार. तुम्ही गुमटीवर होता तेव्हा. दोनदा. फुलदाणी बाजूला केली, झाकण उघडलं, आत बघत उभे राहिले. मला विचारलं, लाइट गेली तर किती वेळ थंड राहते. मी म्हटलं, मला काय माहीत, आमच्याकडे अजून कोणी वापरली नाही."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? सगळ्या जगाला विचारता, मला सोडून."

आता पोतनिसांचं दुःख मागे पडलं आणि कुतूहल उसळून वर आलं. माणूस आपल्याला भेटत नाही, पण आपल्या पेटीला भेटतो. आपण बाहेर गेलो की येतो. त्यांनी स्थापनेच्या आदल्या दिवशी मोठ्याने जाहीर केलं की लष्करला बॅनर आणायला जातोय, यायला संध्याकाळ होईल. चार घरं ओलांडून गेले, उषाताईंच्या मागच्या दारातून शिरले (त्यांनी हूं की चूं न करता येऊ दिलं, त्यांनाही बघायचंच होतं), आणि भिंतीच्या कडेकडेने आपल्याच घरात चोरासारखे परतले.

बैठकीच्या खोलीत महिपतराव पेटीशेजारी गुडघे टेकून बसले होते. हातात शिंप्याची टेप होती. एक टोक पेटीच्या डोक्याच्या बाजूला धरून ते दुसरं टोक पायथ्याला नेत होते आणि चष्मा वर करून आकडा वाचत होते.

"सुभेदार, हे काय?"

महिपतराव दचकले नाहीत. फक्त टेप हळूहळू गुंडाळली. "आतून सहा फूट," ते म्हणाले. "मी सहा-दोन."

पोतनीस वाकून पेटीत डोकावले.

"पहिल्या दिवशीच शंका आली होती," महिपतराव म्हणाले. "नारळ ठेवला तेव्हाच. मग दोनदा येऊन बघितलं. नाही मावत. तुम्ही मान दिलात आणि मी मापात बसत नाही. हे कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? चहाला आलो असतो तर तुम्ही विचारलंच असतं."

"म्हणजे तुम्ही रागावला नव्हता?"

"कशाला? माणूस मरतोच." महिपतराव उठून खुर्चीत बसले. इतकं लांब ते पूर्वी कधी बोलले नव्हते. "माझे वडील गेले तेव्हा मी सीमेवर. तार मिळाली, सुट्टी मिळाली, गाडी मिळाली. जून महिना होता. घरच्यांनी बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या वितळल्या. पुन्हा आणल्या, त्याही वितळल्या. लोक तरी किती थांबणार? मी स्टेशनवरून चालत आलो, तर शेजारी ओल्या अंगाने परत येत होते. तोंड बघायला मिळालं नाही." ते पेटीकडे बघत राहिले. "अंशुलला टोरंटोहून यायला दोन दिवस लागतात. दिल्लीहून पुढची गाडी चुकली तर तीन. ही पेटी उघडली ना तेव्हा वाटलं, बरं झालं. पोराचं काम झालं. आणि मग बघतो तर दोन इंच कमी."

पोतनीस समोरच्या खुर्चीत बसले. आयुष्यभर ज्या विषयावर ते घरोघरी बोलत फिरले, त्यावर त्यांना एक वाक्य सुचेना. शेवटी जे सुचलं ते असं, की त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

"तिरकं ठेवलं तर?"

"बघितलं. रुंदी पुरत नाही."

"गुडघे जरा दुमडून?"

"पोतनीस," महिपतराव म्हणाले, "मी सुभेदार आहे."

मग दोघंही हसले. आधी पोतनीस हसले, मग महिपतराव, आणि स्वयंपाकघरात दुर्गाबाई आणि भिंतीला कान लावून उषाताई. हसता हसता पोतनिसांनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथे संग्रामसिंहांना फोन लावला.

"प्रांतपाल जी, पेटी छोटी है."

"छोटी? किसके लिए छोटी?"

"हमारे एक सदस्य के लिए."

संग्रामसिंहांनी आवाज खाली आणला. "पोतनीस जी, क्या कोई… हो गया?"

"अभी नहीं. पर मान उन्हीं का है, और उनको पहले से देख के रखने की आदत है. फौजी हैं."

संग्रामसिंह भला माणूस होता. एवढ्या वर्षांत त्याला सेवेबद्दल पुष्कळ आभार मिळाले होते, मापाची तक्रार पहिलीच होती. तो म्हणाला, लंबा मॉडल येईल, पण कल का फंक्शन इसी से कर लीजिए.

स्थापना थाटात झाली. वीसच्या वीस हजर होते. महिपतरावांची नऊ माणसं का गप्प होती, तेही तिथे कळलं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सुभेदार गप्प आहेत म्हटल्यावर ती गप्प राहिली, सुभेदार हसले म्हटल्यावर हसत आली. अभिराम गुरुजींनी संकल्पाचा तिढा आपल्या पद्धतीने सोडवला, "जिसको लगे उसको मिले, और देर से लगे" असा हिंदीतच म्हणून. फीत महिपतरावांनी कापली. माइकसमोर ते नेहमीसारखं दोनच वाक्यं बोलले. ही पेटी लहान आहे, मोठी येणार आहे. तोवर कोणाला लागली तर ज्याला लागेल त्याचा मान, आम्ही दहा जण ती खांद्यावर पोहोचवू. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. मग करकऱ्यांनी आधी वाजवल्या.

लांब पेटी पुढच्या महिन्यात आली. महिपतरावांनी स्वतः टेप लावून बघितली, मान डोलावली आणि मोबाइल काढून तिचा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुमटीवर दोघं चहा पीत असताना पोतनिसांचा फोन वाजला. टोरंटोहून अंशुल. आवाज कापत होता.

"काका, बाबा ठीक आहेत ना?"

"एकदम. समोर बेडई खातायत. का रे?"

"बाबांचा मेसेज आला. त्या पेटीचा फोटो, आणि खाली लिहिलंय, 'आता माप बरोबर आहे. तू घाई करू नकोस, आराम से ये.' काका, मी तेव्हाच तिकीट काढलं. मी आणि सोनिका शनिवारी पोहोचतोय. तोपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवा, प्लीज."

पोतनिसांनी फोन खाली ठेवला. महिपतराव बेडईचा तुकडा भाजीत बुडवून त्यांच्याकडे बघत होते.

"काय म्हणतो?"

"येतोय. या शनिवारी. दोघंही."

महिपतरावांचा हात तसाच थांबला. त्यांनी जरा विचार केला, पण त्यांना ते काही केल्या उलगडेना.

"मी तर स्पष्ट लिहिलं होतं," ते म्हणाले, "की घाई नाही म्हणून."